शेजाऱ्याच्या रानातली पाइपलाइन आणि तोंडी होकार

‘टाका की, त्यात काय विचारायचं?’ असं म्हणून शेजाऱ्याने विहिरीची पाइपलाइन आपल्या गटातून जाऊ दिली की बहुतेक जण कागद करत नाहीत. पुढे त्या घरात वाटण्या होतात, रान विकलं जातं आणि नवा मालक नांगरटीत निघालेला पाइप बांधावर आणून टाकतो. मग ‘25 वर्षांची लाइन आहे, आमचा हक्क आहे’ सुरू होतं.

हा हक्क वाटतो तेवढा पक्का नसतो. 1882 च्या सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट किंवा पाणी नेण्यासारखा हक्क) कायद्याच्या कलम 15 ला 20 वर्षांची वहिवाट लागते, पण ती उघड, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून केलेली. विचारून टाकलेली लाइन परवानगीवरच चालते, वर्षं कितीही होवोत. गुपचूप पुरलेली तर उघडही नसते.

शेजारी मुळातच नाही म्हणत असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 49 कामाला येतं. अर्ज तहसीलदारांकडे. (पुष्कळ जण कलम 143 खाली अर्ज ठोकतात, ते शेतरस्त्याचं आहे.) पाणी शेतीसाठीच हवं आणि त्या पाण्यावर तुमचा हक्क हवा. त्यामुळे दोन्ही गटांचे सातबारे, गट नकाशा, विहिरीची नोंद किंवा पाणी परवाना आणि लाइनचा कच्चा नकाशा जोडा. नकाशात सर्वांत जवळचा मार्ग दाखवा, कारण कायदाही शक्यतो तोच मागतो. शेजाऱ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश होत नाही.

पुरलेला पाइप किमान अर्धा मीटर खोल हवा, असं कलम सांगतं. ही खोली कायद्यापुरती ठीक. सबसॉयलर (खोल नांगरटीचं अवजार) दीड-दोन फूट सहज जातो, म्हणून चर 3 फूट घ्या. काळ्या रानात तर नक्कीच: ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पीव्हीसीचे सांधे ओढले जातात. पाइपखाली चार बोटं बारीक मुरूम किंवा वाळू, वरूनही तेवढीच. जेसीबीने काढलेले दगड थेट पाइपवर लोटू नका. सोल्यूशनचे सांधे एक दिवस वाळू द्या, मग मोटर चालू करून बघा आणि गळती नाही असं दिसल्यावरच सांधे बुजवा. वळणावर काँक्रीटचा ठोकळा लागतोच, नाहीतर पाण्याच्या धक्क्याने बेंड निसटतो आणि पाणी भरतं ते शेजाऱ्याच्या पिकात. भांडणाला एवढं पुरतं.

चर पूर्ववत करणं, देखभाल आणि लाइनमुळे झालेलं नुकसान लाइनवाल्याकडे. दुरुस्तीला जाण्याआधी शेजाऱ्याला कळवावं लागतं. रात्री कुदळ घेऊन परस्पर शिरायचं नाही.

शेजारी राजी असेल तर तहसीलची गरज नाही, पण करार नोंदणीकृत करा. त्यात गट क्रमांक, बांधापासूनचं अंतर, खोली, पाइपचा व्यास आणि दुरुस्तीचा हक्क लिहा, ‘वारस व खरेदीदार यांच्यावर बंधनकारक’ हे शब्द घाला आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज द्या.

आणि भाडं? पुरलेल्या पाइपला कलमातला दर 10 मीटरला 25 पैसे आहे. 300 मीटर लाइनचे वर्षाला साडेसात रुपये. शेजारी चिडतो तो बहुतेक वेळा इथेच, त्यामुळे आपसात बोलताना हा आकडा आधी काढू नका.