२४ व्होल्टचा उनिमोग, १२ व्होल्टचा रेडिओ : गागेनाऊ ते फ्रीडरिक्सहाफेन

दरवर्षी जूनच्या अखेरीस जर्मनीत बोडेनझे सरोवराकाठच्या फ्रीडरिक्सहाफेनमध्ये हॅम रेडिओवाल्यांचा, म्हणजे हौसेने वायरलेसवर बोलणाऱ्यांचा, मोठा मेळा भरतो. यंदा आम्ही तिथे गेलो ते मित्राच्या उनिमोग ४०४ मधून. जर्मन सैन्याचा हा जुना रेडिओ-ट्रक. मागे चौकोनी केबिन आहे, तिला इथे कोफर म्हणतात. ट्रक त्याचा, वायरिंग माझं. ज्यांना अशा गाडीत रिग, म्हणजे बोलायचा-ऐकायचा रेडिओ संच, बसवायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. भारतात सैन्याच्या लिलावातली २४ व्होल्टची गाडी घेतलेल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

उनिमोग ४०४ गागेनाऊच्या कारखान्यात १९५५ ते १९८० या काळात बनला. इंजिन २.२ लिटरचं, सहा सिलिंडर, पेट्रोलवर चालणारं. पेट्रोल इंजिन म्हटलं की ठिणगी आली, आणि ठिणगी म्हटली की रेडिओत खरखर. म्हणून सैन्यासाठी डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी कारखान्यातच धातूच्या आवरणात बंद केल्या आहेत. सुटे भाग महाग पडतात म्हणून काही मालक हे आवरण काढून साध्या वायरी टाकतात. कृपा करून तसं करू नका. ही गाडी मुळात रेडिओसाठीच घडवली आहे. कारखान्यातल्या माणसांनी केलेलं ते काम आपल्याला नंतर हजार क्लृप्त्या करूनही जमत नाही.

सगळ्यांना पहिला प्रश्न पडतो तो विजेचा : गाडी २४ व्होल्टची, रिग १२ व्होल्टची. गाडीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, तेव्हा खालच्या एकीवरून रिगला वीज घ्यावी असं मनात येतंच. पण मग एक बॅटरी सतत अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होते आणि थोड्याच काळात दोन्ही जातात. आम्ही कोफरमध्ये १०० अँपिअर-अवरची वेगळी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ठेवली. इंजिन चालू असताना २४ वरून १२ व्होल्टचा चार्जर ती भरतो. गाडी थांबली की चार्जर स्विचने पूर्ण बंद करायचा, कारण असे चार्जर स्वतःच शॉर्टवेव्हवर आवाज करतात. १०० वॅटची रिग बोलताना २० अँपिअरच्या वर करंट ओढते. सहा मीटर अंतरावर ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर जाऊन-येऊन पाऊण व्होल्ट वायरीतच खर्च होतो. बॅटरी रिगशेजारीच ठेवली की हा प्रश्न उरत नाही. फ्यूज मात्र बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून हवा.

माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो जोडण्यांमध्ये, आणि तो वेळ तिथेच जायला हवा असं माझं ठाम मत आहे. उनिमोगची चौकट खडबडीत रस्त्यावर पिळवटण्यासाठीच बनवली आहे, त्यामुळे कोफर तिच्यावर घट्ट न बसवता लवचिक आधारांवर ठेवलेला असतो. म्हणजे विजेच्या दृष्टीने तो चौकटीपासून जवळजवळ तुटलेलाच. चारही कोपऱ्यांत तांब्याची चपटी विणलेली पट्टी लावली, रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून आणि वर ग्रीस देऊन. बॉनेट आणि एक्झॉस्टलाही तशीच पट्टी दिली. यानंतर ७ मेगाहर्ट्झवरची खरखर इतकी उतरली की इंजिन चालू असतानाही मंद स्टेशनं ऐकू येऊ लागली. चालकाची केबिन आणि कोफर यांमधल्या केबलला मात्र हातभर ढील सोडा, नाहीतर पहिल्याच चढावर ती ताणली जाईल.

नवी भोकं पाडू नका. सैन्याच्या रॅकचे आटे तसेच शाबूत असतात, त्यांवर प्लायवुडची फळी बसवून रिग रबरी पायांवर ठेवा. सगळीकडे नायलॉन असलेले नट वापरा आणि अँटेनाचे कनेक्टर प्रत्येक थांब्यावर हाताने तपासा.

आता रस्ता. गागेनाऊपासून फ्रीडरिक्सहाफेनपर्यंत अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. बाडेन-बाडेनवरून बी ५०० हा श्वार्झवाल्ड (ब्लॅक फॉरेस्ट) डोंगररांगेच्या माथ्यावरचा रस्ता घेतला. गाडी ६०–७० च्या वेगाने सुखात चालते, त्याहून जोर केला तर फक्त आवाज आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. युरोपात गाडीची उंची ४ मीटरच्या आत ठेवावी लागते, शिवाय वर झाडांच्या फांद्या असतात. म्हणून चालताना फक्त १४५ मेगाहर्ट्झची अर्ध्या मीटरची अँटेना ठेवली. बोलायचं ते शेजारी बसलेल्याने, चालकाने माईक हातात घेऊ नये.

मुम्मेलझे तळ्यापाशी, साधारण १,०३० मीटर उंचीवर, पहिला मुक्काम केला. शनिवार-रविवारी तिथे मोटारसायकलवाल्यांची गर्दी उसळते, तेव्हा सकाळी लवकर पोचा. शेजारच्या होर्निसग्रिंडे शिखरावर प्रसारणाचा मनोरा आहे, त्याच्या जोरदार सिग्नलमुळे स्वस्त हँडसेट तिथे गुदमरतात. चाकाखाली दाबायची मस्तूलाची लोखंडी पट्टी जवळ असू द्या. गाडी तिच्यावर चढवली की १० मीटरचा फायबरचा खांब एकटा माणूस उभा करू शकतो. त्यावर ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) उलट्या व्ही आकाराचा डायपोल, म्हणजे दोन समान तारांची अँटेना, टांगायचा, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर. टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच बांधा, तिथे व्होल्टेज फार असतं. दुपारभर ऑस्ट्रिया, इटली, हॉलंड अगदी सहज मिळत होते.

संध्याकाळी कोफरच्या छतावर ५ मीटरची पोलादी काठी लावून १४ मेगाहर्ट्झवर गेलो. इथे त्या तांब्याच्या पट्ट्यांचं खरं चीज झालं, कारण सगळी गाडीच अँटेनाची जमीन (ग्राउंड) बनते. साडेपाचच्या सुमारास, म्हणजे भारतात रात्री नऊला, पुण्याकडचं एक व्हीयू२ (भारतीय हॅमच्या नावाची सुरुवात) स्टेशन मिळालं आणि काही मिनिटं चक्क मराठीत बोलणं झालं. त्या डोंगरावर, त्या ट्रकमध्ये मराठी ऐकून किती आनंद झाला हे इथे सांगता येणार नाही.

पुढे फ्रॉयडेनश्टाट, रोटवाइल आणि श्टोकाखमार्गे सरोवर गाठलं. काठाचा बी ३१ रस्ता जूनमध्ये तुंबलेला असतो, तिथला टप्पा भल्या सकाळी उरकून घ्या. ऐतिहासिक वाहनाची एच नंबरप्लेट असेल तर शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांत, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बंदी असलेल्या भागांत, स्टिकर लागत नाही. साडेतीन टनांवरच्या गाडीला सी१ परवाना लागतो, साधा कारचा चालत नाही. मेळ्यातल्या जुन्या मालाच्या बाजारात सैन्याचे कनेक्टर, आवरणवाल्या प्लगच्या वायरी आणि विणलेली पट्टी असा माल असतो. पहिल्या दिवशी दारं उघडताच जा, कारण शेवटच्या दिवशी दुपारी विक्रेते सामान आवरायला लागलेले असतात.