रिसेप्शनवर नेमकं काय मागायचं

ट्रेनिंगच्या कामासाठी माझं बंगळुरू, हैदराबाद, नागपूर असं सतत फिरणं चालू असतं. हॉटेलात चांगली खोली मिळायला नशीब लागतं नाहीतर ओळख, असंच मी बरीच वर्षं धरून चालले होते. हिशेब वेगळाच निघाला. सगळ्यात स्वस्त वर्गातल्या खोल्या आधी खपतात. काही बुकिंगं ऐनवेळी रद्द होणार हे हॉटेलवाले गृहीतच धरतात, त्यामुळे कधीकधी आहेत त्याहून जास्त खोल्या विकून बसतात. मग सगळेच पाहुणे हजर झाले की कुणालातरी वरच्या वर्गात सरकवावं लागतं. त्या सरकणाऱ्यांत आपला नंबर लागावा, एवढंच बघायचं.

ते कसं, हे मला नागपूरच्या एका हॉटेलातल्या ड्यूटी मॅनेजरांनी सांगितलं. मला मिळालेली खोली बँक्वेट हॉलच्या बरोबर वर होती आणि खाली संगीताचा कार्यक्रम रंगात आला होता. मी तक्रार घेऊन गेले तर म्हणाले, "मॅडम, रात्री दहाला स्पीकर बंद होतील. पण खोलीचं म्हणाल, तर आजच्या खोल्या आम्ही काल रात्रीच लावून ठेवल्या. तुम्ही आज येऊन मागताय. काल एक फोन केला असता तर?"

तेव्हापासून आदल्या दिवशी दुपारी फोन करते. साखळी हॉटेल असेल तर त्यांच्या कॉल सेंटरला करून उपयोग नाही. थेट त्या हॉटेलचा नंबर लावायचा आणि "फ्रंट ऑफिसला द्या" म्हणायचं. अपग्रेडचं नावच काढत नाही. वरचा मजला, लिफ्टपासून लांब, शक्य असेल तर कोपऱ्यातली, आणि शेजारच्या खोलीत उघडणारा दरवाजा नको, एवढंच सांगते. हा मधला दरवाजा मोठ्या कुटुंबांच्या सोयीसाठी असतो. बंद असला तरी त्यातून आवाज भिंतीपेक्षा कितीतरी जास्त येतो. हैदराबादला एका रात्री शेजारच्या गृहस्थांची मुलाच्या कॉलेजप्रवेशाची सगळी चिंता मी माझ्या खोलीत बसून ऐकली आहे. कोपऱ्यातल्या खोलीचं उलट. दर तोच, वर्ग तोच, पण पुष्कळ इमारतींत ती थोडी ऐसपैस निघते आणि दोन बाजूंना खिडक्या मिळतात. मला विचाराल तर पाच-सहाशे रुपये जास्त देऊन घेतलेल्या ‘डिलक्स’पेक्षा ही बरी.

पण नुसतं मागून भागत नाही, वारही बघावा लागतो. ऑफिसकामाच्या शहरांतली हॉटेलं सोमवार ते गुरुवार भरलेली आणि शनिवार-रविवारी सुस्त असतात. गोव्याचं बरोबर उलटं. आणि कुठेही जायचं असो, मी आधी कालनिर्णय उघडते. लग्नाचा मुहूर्त असला की वऱ्हाडासाठी खोल्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे गेलेले असतात, त्या दिवशी कितीही गोड बोला, मॅनेजरच्या हातात काही नसतं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की चित्र पालटतं, ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. मधली गणपती-दिवाळीची गर्दी तेवढी सोडायची.

सभासदत्वाचा उपयोग होतो, पण नियम वाचून. उदाहरणार्थ, मॅरियट हॉटेलांच्या ‘बॉनव्हॉय’ या सभासद योजनेत वर्षाला १० रात्री झाल्या की सिल्व्हर दर्जा, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम. गोल्डपासून वरच्या वर्गातली खोली मिळू शकते, अर्थात रिकामी असेल तर. प्लॅटिनमवाल्यांचा विचार त्यांच्या आधी होतो, म्हणून आयटी कंपन्यांनी गजबजलेल्या भागात गोल्ड कार्डाला फारसं कुणी विचारत नाही. शिवाय बाहेरच्या प्रवास-पोर्टलवरून बुकिंग केलं तर त्या रात्री सहसा मोजल्याच जात नाहीत. पोर्टलवर दर बघावा आणि बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून करावं. वाढदिवस आहे, हनिमून आहे असल्या थापा काउंटरवरची मुलं रोज ऐकतात. फार तर केक येतो.

जुलैत आईला घेऊन गोव्याला गेले होते. मंगळवार, धो धो पाऊस, हॉटेल अर्धं रिकामं. काउंटरवरच्या मुलाने संगणकात बघितलं आणि स्वतःहून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला स्वीट देतो, नदी दिसेल." मी खूश. वर गेलो तर बैठकीची खोली वेगळी, गॅलरी वेगळी, मांडवीचं पाणी अगदी समोर. आईने सगळं कौतुकाने पाहिलं, मग न्हाणीघरात डोकावली. शॉवर टबाच्या आत होता. टबाची कड तिच्या गुडघ्याच्याही वर.

"अगं, यात चढू कशी मी? आणि चढले तर उतरवणार कोण?"

बादली मागवू का म्हटलं, तर तिने सरळ पर्स उचलली. खाली गेलो. स्वीट परत करून साधी खोली मागणारी माणसं त्या मुलाने बहुतेक पाहिली नसावीत. "काही प्रॉब्लेम झाला का काकू?" असं त्याने दोनदा विचारलं. आईने गुडघ्यावर हात ठेवून दाखवला, तेव्हा त्याने हसून पहिल्या मजल्यावरची चावी काढली. आता आदल्या दिवशीच्या फोनवर, आई बरोबर असेल तर, "टब नको" हे सगळ्यात आधी सांगते.