सफारी, आधार आणि आईची दोन नावं

ताडोब्याहून परत येऊन तीन आठवडे झाले. वाघ दिसला, तरी कोणी ‘कशी झाली ट्रिप?’ विचारलं की माझ्या तोंडून आधी ती खिडकीच निघते. खिडकी म्हणजे गेटवरची, तिकिटावरची नावं आणि ओळखपत्रं ताडून बघतात ती. पहाटे पाच वीसपासून सव्वासहापर्यंत मी तिथे उभा होतो आणि आमची सोडून बाकी सगळ्या जिप्स्या धुरळा उडवत आत गेल्या.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. नाशिकहून निघून समृद्धीला लागलो. रस्ता सरळसोट, गाडी चालवताना झोप येते हाच त्याचा त्रास. निघण्याआधी टायरची हवा बघून घ्या, मेमधल्या उन्हात ते काँक्रीट तव्यासारखं तापतं. नागपुरात मुक्काम, दुसऱ्या दिवशी वरोरा-भद्रावतीवरून रिसॉर्ट. चंद्रपूरचं ऊन म्हणजे काय ते दुपारी दोन वाजता गाडीचं दार उघडल्यावर कळलं. मुलाने दार परत लावून घेतलं.

आता खिडकी. सफारीचं परमिट मी आमच्या भागातल्या एका बुकिंगवाल्याकडून काढलं. ऑनलाइन स्वतःला काढता येतं, पण मार्चअखेरच्या कामात कोण बसणार, म्हणून त्याला दिलं. त्याने सांगितलं, सहा जणांची नावं, वयं आणि आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका. मी जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या बाजूला फोन ठेवून नावं टाइप केली: मी, बायको, दोन मुलं, बाबा, आई. एका जिप्सीत सहाच जण बसतात, त्यामुळे आमचं कुटुंब अगदी मापात. त्याने नंबर आधारवरून उचलले आणि नावं माझ्या यादीवरून. तिकीट आलं. मी तारीख बघितली, सकाळची सफारी आहे ना ते बघितलं आणि अंगठा पाठवून दिला. नावं वाचली नाहीत. आपल्याच घरातली नावं कोण वाचतं?

घोळ आईच्या नावात होता. पन्नास वर्षं होत आली, लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं. घरीदारी, सोसायटीत, लग्नपत्रिकांवर तेच. पण तिची शाळेतली नोकरी लग्नाआधीची. त्यामुळे सर्व्हिस बुकात, पेन्शनमध्ये आणि पुढे आधारवर आडनाव तेवढं बदललं, पहिलं नाव माहेरचंच राहिलं. मी यादीत तांदळातलं नाव लिहिलं होतं.

खिडकीतला मुलगा तरुण आणि अतिशय नम्र होता. त्यानेच जास्त पंचाईत झाली, कारण भांडता येईना. “सर, नंबर बरोबर आहे, नाव दुसरं आहे. परमिटवर जे नाव, तेच ओळखपत्रावर पाहिजे.” मी म्हटलं, नंबर जुळतोय ना, माणूस एकच आहे. तो म्हणाला, “तुमचं खरं असंल, पण आम्हाला नाव बदलता येत नाही.” परमिट एकाच्या नावावर काढून दुसऱ्याला विकू नये म्हणूनच हा नियम आहे. घरी बसून विचार केला तर पटतो. पहाटे साडेपाचला नाही पटत.

बुकिंगवाल्याला फोन लावला. बंद. बायकोच्या फोनवरून लावला. बंद. तिसऱ्यांदा लावेपर्यंत ड्रायव्हर सांगायला आला की कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या मुख्य भागात, मोबाइल चालत नाहीत, इथेच जमा करा. म्हणजे ज्याच्यावर सगळी भिस्त तेच यंत्र हातातून काढून घेणार. पाच मिनिटं द्या म्हटलं. मागे मुलगी विचारत होती, आजीला इथेच ठेवून जायचं का? आई म्हणाली, “जा तुम्ही, मी बसते इथे बाकावर.” बाबा म्हणाले, मग मीही बसतो. एवढ्या लांब आणून दोघांना गेटवर बसवायचं, माझ्या डोक्यातून जाळ निघायचा बाकी होता.

शेवटी त्या मुलाने आईलाच खिडकीशी बोलावलं. “आजी, तुमचं नाव सांगा.” आणि आईने, पन्नास वर्षांच्या सवयीने, तांदळातलं नाव सांगितलं! तेच, जे आधारवर नव्हतं. मी कपाळाला हात लावला. बाबा मागून हळूच म्हणाले, अगं, पहिलं. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू त्यांनी चारचौघांत काही भलतंच काढलं. मग तिने ते नाव उच्चारलं. बाबांसमोर ते नाव तिने घेतलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

सुटका केली ती आमच्या गाइडने. ताडोब्यात स्थानिक बायका गाइड म्हणून काम करतात, आम्हाला मिळाली ती तिशीतली, खाकी शर्टातली. ती खिडकीशी येऊन म्हणाली, “सर, माझी बी दोन नावं आहेत. लग्नात बदलते नं नाव.” मुलगा हसला, आत जाऊन वरिष्ठांना फोन लावून आला आणि म्हणाला, कोऱ्या कागदावर लिहून द्या, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत म्हणून. कोरा कागद कुठून आणणार? माझ्या मुलाच्या चित्रकलेच्या वहीतलं पान फाडलं, मागच्या बाजूला त्याने आदल्या दिवशी काढलेला वाघ होता. आईने दोन्ही नावांनी सह्या केल्या. आमचं असं निभावलं म्हणून तुमचं निभावेलच असं नाही, तिथे ‘नाही’ म्हणाले असते तरी त्यांचं चुकलं नसतं. म्हणून तिकीट आल्या आल्या एकेक अक्षर आधारशी लावून बघा, आणि सोबत मूळ कार्ड ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका.

आत गेलो तेव्हा ऊन वर आलं होतं. पहिला अर्धा तास मला जंगल दिसलंच नाही, मनात बुकिंगवाल्याला सुनावायची वाक्यं जुळवत होतो. मग गाइडने जिप्सी थांबवली. पाणवठ्यावर रानकुत्र्यांची टोळी, नऊ-दहा असतील. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी. पाणी पिऊन झाल्यावर दोन पोरसवदा कुत्री एकमेकांची शेपूट ओढत बसली. मुलगी म्हणाली, ही तर आपल्या गल्लीतलीच. गाइड म्हणाली, “हाव, पण हे सांबर पाडतात.” पुढे रानगव्याचा कळप, त्या काळ्या अंगाला गुडघ्याखाली पांढरे मोजे. पानं झडलेली, पांढऱ्याफटक खोडाची कुलूची झाडं बघून मुलाने त्यांना भुतं ठरवून टाकलं.

आईचा जीव मात्र मोहाच्या झाडांत अडकला. गाइडकडून तिने सगळं काढून घेतलं: फुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात, पहाटे वेचायची असतात, अस्वलालाही तीच आवडतात, म्हणून वेचणाऱ्यांना जीव मुठीत धरून जावं लागतं. तेंदूपत्त्याचंही तसंच, ऐन मेमध्ये. आपण ज्या वाघाला बघायला पैसे मोजतो, तो भेटू नये म्हणून गाइडच्या सासूने तारूदेवाला नारळ बोललं होतं. तलावाकाठी जे ठाणं आहे तोच हा तारू. वाघाशी झुंजताना गेला आणि देव झाला असं गोंड लोक मानतात, ताडोबा हे नाव त्याच्यावरून पडलं म्हणतात.

वाघ दुसऱ्या दिवशी दुपारी बफरमध्ये, म्हणजे कोअरभोवतीच्या जंगलात दिसला. उलटा, मागचे पाय आधी टाकत पाण्यात शिरला आणि वीस मिनिटं डोळे मिटून बसून राहिला. फोटो सगळे हललेले आहेत.

हो, त्या बफरच्या तिकिटावरही आईचं तेच चुकीचं नाव होतं. मी हमीपत्र आधीच लिहून तयार ठेवलं होतं, दोन प्रतींत. तिथल्या माणसाने आधारवर नजर टाकली, डोकी मोजली आणि जा म्हणाला. आई पुटपुटत उतरायला निघाली होती, तिला परत बसवलं.

बुकिंगवाला तिसऱ्या दिवशी फोनवर भेटला. “झालं ना काम, मग?” म्हणाला.

राहिलेलं सांगतो. मंगळवारी कोअर बंद असतं, सुट्टी त्या हिशोबाने टाका. आधी गेट ठरवा, मग राहायची जागा. मोहर्ली आणि कोलारा ही गेटं नकाशावर जवळ वाटतात, पण बाहेरून मोठा वळसा पडतो आणि पहाटे तो परवडत नाही. मुलांचीही आधार कार्डं घ्या. सकाळच्या सफारीलासुद्धा ओला पंचा ठेवा, आठनंतर उघड्या जिप्सीत तोंड भाजतं. आणि एक कोरी वही.