‘अखर्चित राहणार असल्याने’

महापालिकेच्या लेखा विभागात मी लिपिक आहे. फाइल आली की संगणकावर लेखाशीर्ष, म्हणजे त्या कामाचं अंदाजपत्रकातलं खातं, उघडायचं, तरतूद किती, खर्च किती, शिल्लक किती ते बघायचं, चार ओळींचा अभिप्राय टाइप करायचा आणि साहेबांच्या सहीला ठेवायचा. त्यातली एक ओळ मी डोळे मिटून टाइप करू शकतो: ‘सदर लेखाशीर्षावरील तरतूद चालू आर्थिक वर्षात अखर्चित राहणार असल्याने वर्गीकरणास हरकत नाही.’ ओळ माझी नाही. माझ्याआधी त्या टेबलावर जे होते त्यांच्या फोल्डरमध्ये ती मिळाली. त्यांनाही ती कुणाकडून तरी मिळालेलीच असणार.

वर्गीकरण म्हणजे एका कामाला ठेवलेले पैसे दुसऱ्या कामाकडे वळवणं. अंदाजपत्रकाची चर्चा गावभर होते. आयुक्त स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात आपली कामं घालून आकडा वाढवते, मग मुख्य सभेत दिवसदिवस भाषणं होतात. आकडा वाढतो तेवढं उत्पन्न वाढत नाही, हे त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यामुळे अंदाजपत्रकात मंजूर झालेल्या यादीतल्या कुठल्या कामाला खरोखर पैसे मिळणार, याचा निकाल पुढे वर्षभर वर्गीकरणाच्या फाइलींवर लागत असतो. त्या फाइली माझ्या टेबलावरून जातात आणि त्यांच्याबद्दल भाषण कुणी करत नाही.

प्रसंग प्रशासक येण्याआधीचा, फेब्रुवारीतल्या शेवटच्या स्थायी समितीचा. १९४९च्या महापालिका अधिनियमाप्रमाणे स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि दरवर्षी त्यातले निम्मे निवृत्त होतात. नव्या सभागृहाच्या पहिल्या वर्षी कोण जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. जाणाऱ्या आठ जणांच्या दृष्टीने ही शेवटची बैठक म्हणजे शेवटची बस. विषयपत्रिका जाड असतेच, त्यावर ऐनवेळच्या विषयांचा गठ्ठा येतो. आम्ही त्या आठवड्यात घरी कधी जायचो ते विचारू नका. अभिप्राय अक्षरशः तासाला पाच-सहा या वेगाने निघत होते.

बैठकीत लिपिकांना जागा नसते. अधिकाऱ्यांच्या मागे भिंतीला लावलेल्या खुर्च्या असतात, तिथे फाइली मांडीवर घेऊन बसायचं आणि साहेबांनी मान मागे वळवली की हवा तो कागद पुढे करायचा. नगरसचिव विषय क्रमांक पुकारत होते. ‘मंजूर’, ‘मंजूर’, ‘एक आठवडा पुढे’, ‘मंजूर’. कोट्यवधींची रस्त्यांची कामं एका श्वासात गेली. पार्किंगच्या एका फलकावर मात्र पाव तास वाद झाला, कारण फलक कसा असावा याबद्दल प्रत्येकाला मत असतं.

विषय क्रमांक ४७. प्रभागाच्या हद्दीवर स्वागत कमान उभारणे, यासाठी ४० लाख रुपये शेजारच्या प्रभागातल्या नाल्यावरील कल्व्हर्टच्या, म्हणजे मोरीच्या, तरतुदीतून वर्ग करणे. सूचक होते ते भाऊ त्या दिवशी निवृत्त होणाऱ्या आठांपैकी. ज्या प्रभागातली मोरी होती तिथला एकही नगरसेवक समितीवर नव्हता. असा विषय सहसा पुकारायच्या आधीच मंजूर झालेला असतो.

“अध्यक्षमहोदय, एक मिनिट,” विरोधी बाकावरच्या ताई म्हणाल्या. दुसऱ्यांदा निवडून आलेल्या, विषयपत्रिका घरी वाचून येणाऱ्या दोन-तीन सदस्यांपैकी एक. त्याही त्या दिवशी निवृत्त होत होत्या. त्यांनी पर्समधून वर्तमानपत्राचं कात्रण काढलं, कडा कात्रीने नीट कापलेल्या. “परवाच्या पेपरात या मोरीच्या कामाची फेरनिविदा सूचना आली आहे. महापालिकेनेच दिलीय. आणि इथे लिहिलंय की पैसे अखर्चित राहणार. निविदा काढायची आणि पैसे काढून घ्यायचे, दोन्ही एकाच आठवड्यात?”

भाऊ हसून म्हणाले, “ताई, तुम्हाला कमानीचं वावडं आहे का?”

“तुमची कमान तुम्ही दोन मजली बांधा हो. मी मोरीचं विचारतेय.”

अध्यक्षांनी अभियंत्यांकडे पाहिलं. कार्यकारी अभियंता उठले आणि म्हणाले, “लेखा विभागाचा अभिप्राय घेतलेला आहे.” मग सगळ्यांनी आमच्या साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान मागे वळवली.

“निविदा निघालीय?”

“आपल्याला कळवलेलं नाही, सर.”

“मग अखर्चित राहणार हे कशावरून?”

“खर्च शून्य दिसत होता.”

मी खोटं बोललो नव्हतो. आमच्या संगणकात एखाद्या कामाचे पैसे अडकलेले दिसतात ते कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश, निघून तरतूद लॉक झाल्यावर. त्याच्या आधीचं काहीच दिसत नाही. पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज) झालं, तांत्रिक मान्यता मिळाली, जाहिरात गेली, पहिल्या वेळी तीनऐवजी दोनच निविदा आल्या म्हणून पुन्हा मागवल्या, या सगळ्यात विभागाचे आठ महिने गेले होते आणि माझ्या पडद्यावर एप्रिलपासून एकच आकडा होता: ०. जे काम कुणी हातातच घेतलेलं नाही त्याचं शून्य आणि जे काम दाराशी आलंय त्याचं शून्य सारखंच दिसतं. म्हणून तर वर्गीकरण मागणाऱ्यांचा डोळा नेमका अशा कामांवर असतो. कार्यादेश नाही म्हणजे दायित्व नाही, दायित्व नाही म्हणजे पैसे मोकळे.

तरीही भिंतीला टेकून बसल्या बसल्या मला टोचत राहिला तो ‘राहणार’ हा शब्द. शून्य मी बघितलं होतं. ‘राहणार’ मी कुठे बघितलं होतं? फेब्रुवारीत उभा राहून मी मार्चचं भविष्य सांगत होतो, तेही जुन्या फोल्डरमधून उचलून. विभागाला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण तासाला सहा अभिप्राय काढणारा माणूस फोन करत नाही, आणि अभिप्रायात फोनचा रकानाही नसतो.

साहेबांनी मला सांभाळून घेतलं, हे नोंदवलंच पाहिजे. उठून म्हणाले, “अभिप्राय देतेवेळी उपलब्ध माहितीनुसार तरतूद शिल्लक होती.” हे वाक्य कुठेही पुरतं. ताई त्यावर एवढंच म्हणाल्या, “शिल्लक आहे आणि अखर्चित राहणार आहे, यात फरक आहे ना साहेब?” साहेब म्हणाले, “आहे.”

सभागृहात क्षणभर कुणी काही बोललं नाही. भाऊंनी मतदान घ्या म्हटलं असतं तर बहुमत त्यांच्याकडे होतं. पण ठराव झाला असता आणि तो नियमाला धरून नाही असं कुणी वर कळवलं असतं, तर शासन तो निलंबित करू शकतं, पुढे विखंडित, म्हणजे रद्दही करू शकतं. निविदेची जाहिरात छापून आलेली असताना तो धोका अध्यक्षांना नको होता. ताईंच्या बाजूने निर्णय दिला असं दिसायलाही नको होतं. त्यांनी नगरसचिवांकडे बघून म्हटलं, “एक महिना पुढे.”

बाहेरच्याला वाटेल, टाळलं. आत बसलेल्या सगळ्यांना कळलं की विषय संपला. एका महिन्याने मार्चअखेर आली असती, समिती बदललेली असती, आणि ३१ मार्चनंतर त्या वर्षाच्या तरतुदीला अर्थच उरला नसता. कमान गेली. मोरी वाचली असं मात्र अजून म्हणता येत नव्हतं, कारण घड्याळ तिच्यासाठीही तेच होतं.

चार दिवसांनी इतिवृत्त टाइप होऊन आलं. कात्रण नाही, ‘राहणार’ नाही, साहेबांचं ‘आहे’ नाही. ‘विषय क्र. ४७ : एक महिना पुढे घेण्यात आला.’ इतिवृत्तात निर्णय लिहितात, बोलणं लिहीत नाहीत, हे योग्यच आहे. पण दहा वर्षांनी कुणी हा कागद काढला तर त्याला काही कळणार नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कमी दराची निविदा नव्या समितीपुढे आली. एकाने सुचवलं, एकाने अनुमोदन दिलं, नगरसचिवांचा पुकारा पूर्ण व्हायच्या आत मंजूर. त्यानंतर अनामत, करारनामा, मुद्रांक. ठेकेदाराचा माणूस आणि विभागाचा उपअभियंता यांनी आमच्याकडे ज्या चकरा मारल्या त्यावर वेगळं लिहिता येईल. मी एक केलं, माझ्या फोल्डरमधली ती ओळ बदलली: ‘आज रोजी खर्च शून्य असून निविदा प्रक्रियेच्या सद्यःस्थितीबाबत संबंधित विभागाने खुलासा करावा.’ पहिल्याच दिवशी तीन फाइली परत आल्या. “खुलासा कसला मागताय, हरकत आहे की नाही तेवढं लिहा,” असं एका विभागाने फाइलीवरच शेरा मारून कळवलं. साहेबांनी ओळ खोडली नाही. राहू दे असंही म्हणाले नाहीत.

नंतर प्रशासकांचा काळ आला. २०२२ मध्ये राज्यातल्या अनेक महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या, तेव्हा प्रस्ताव ठेवणारे आयुक्त आणि तो मंजूर करणारे प्रशासक ही एकच व्यक्ती असायची. फाइली फार भराभर हलल्या. माझ्या खुलाशाच्या ओळीवरही कुणी शेरा मारला नाही, कारण ती वाचायचं कुणाला काही कारण उरलं नव्हतं.

पण मी सांगतोय तो त्याआधीचा, मोरीच्या वर्षीचा ३१ मार्च. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते, सर्व्हर रांगत होता. मोरीचा कार्यादेश आला, मी रक्कम टाकली, तरतूद लॉक झाली. खर्चाच्या रकान्यात अजूनही शून्यच होतं, पण शेजारी दायित्वाच्या रकान्यात आकडा आला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. ताई. समितीवर नव्हत्या आता, तरी आवाज तोच.

“झालं का लॉक?”

“झालं, ताई. आत्ताच.”

“बरं. आणि कमान?”

मी नवीन अंदाजपत्रकाचं पुस्तक पुढे ओढलं. स्थायी समितीने वाढवलेल्या कामांच्या यादीत तिचं पान मला दुपारीच दिसलं होतं.

“आहे. ६० लाख.”

त्या हसल्या आणि म्हणाल्या, “पान नंबर सांगा.”