बेळगावहून सौदीला इंग्रजी शिकवायला: घाट लागतो तो कागदांचा

एजंट तीन गोष्टी ठासून सांगतो. राहायला फुकट, कर शून्य, आणि "कागदं आमच्यावर सोडा, पंधरा दिवसांत होतात". पहिल्या दोन अर्ध्या खऱ्या आहेत. तिसरी साफ खोटी, निदान आपल्या भागापुरती तरी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या माणसाची कागदं एका राज्यात नसतातच. दहावी कर्नाटक बोर्डाची, बी.ए. धारवाडचं, एम.ए. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं, जन्माचा दाखला कानडीत आणि लग्नाचा महाराष्ट्रातल्या चंदगडचा. बेंगळूरच्या किंवा पुण्याच्या माणसाचं जे एका फेरीत उरकतं, त्याला इथं दोन सरकारांच्या दारात उभं राहावं लागतं. पैसा आणि महिने जातात ते इथंच. सौदीत उतरल्यावरचं त्यामानानं सोपं आहे.

एम.ए. इंग्रजी, बी.एड. आणि दहा वर्षांचा पासपोर्ट हातात आहे असं धरून पुढचं वाचा. यातलं काही नसेल, तर एजंटाला भेटायचीही गरज नाही.

आता तो घाट. सौदीसाठी पदवीवर शिक्के लागतात ते क्रमानं: आधी विद्यापीठाची पडताळणी, मग ज्या राज्यात ते विद्यापीठ आहे त्या राज्याच्या शिक्षण खात्याचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का. तुमचं गाव कुठल्या राज्यात आहे याला काडीची किंमत नाही, पदवी कुठली आहे हे बघतात. धारवाडची पदवी बेंगळूरला जाणार, शिवाजी विद्यापीठाची मुंबईला. कोल्हापूर बेळगावहून ११० किलोमीटर आणि धारवाड ८०, म्हणून दोन्ही हाताशी वाटतात, पण दोघांची साखळी पुढं कुठंच एकत्र येत नाही. ती जुळते थेट परराष्ट्र मंत्रालयाच्या टेबलावर.

२०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं आणि बेळगावची कॉलेजं तिकडं गेली. त्यामुळं एकाच कॉलेजात शिकलेल्या दोन भावांच्या पदव्यांचा उगम वेगळा असू शकतो: थोरल्याला धारवाड, धाकट्याला भूतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा. कॉलेजात चौकशी करून उपयोग नाही, पदवीच्या कागदावर वर कुणाचं नाव छापलंय ते बघा आणि तिथंच जा. एजंटाची माणसं हमखास चुकतात ती इथं. चुकीच्या विद्यापीठात अर्ज पडला, की परत यायलाच तीन आठवडे जातात.

सगळ्या कागदांवर शिक्के मारू नका. एजंट नगावर पैसे घेतो, म्हणून तो दहावी, बारावी, बी.ए., एम.ए., बी.एड. आणि सगळ्या गुणपत्रिका अशी चळत लावतो. नोकरी ज्या पदवीवर मिळते ती पदवी आणि मागितलं असेल तर बी.एड., एवढंच पुरतं. ऑफर देणाऱ्या संस्थेकडून कागदांची यादी ईमेलवर लेखी घ्या. त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या, की एसडीएमचा (उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा) शिक्का चालतो का राज्याच्या शिक्षण खात्याचाच लागतो. एसडीएमचा शिक्का दिल्लीत झटपट मिळतो, म्हणून एजंट तो मारून मोकळा होतो. पुढं संस्थेनं तो नाकारला, तर पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचं.

पैशाचं तर उघड उघड लुटणं चालतं. परराष्ट्र मंत्रालयाची अपॉस्टिलची फी एका कागदाला ५० रुपये आहे. मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं, म्हणून वर त्यांचं थोडं शुल्क पडतं. तरीही हजारांचा आकडा येतो कुठून, हे त्या एजंटालाच विचारा. आणखी एक लबाडी म्हणजे "एम्बसी अटेस्टेशन". सौदी अरेबिया ७ डिसेंबर २०२२ पासून अपॉस्टिल करारात आहे. ओमान आणि बहरीन त्याआधीपासून आहेत, कुवेत, कतार आणि अमिराती नाहीत. म्हणजे सौदीच्या कागदावर अपॉस्टिल झालं, की दूतावासाच्या शिक्क्याचे पैसे कुणी मागू नयेत. मागितले तर बिलात तो खर्च वेगळा लिहून मागा. बहुधा आकडा तिथंच गळतो.

बेंगळूरला स्वतः जायचं तर रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस बरी. पण तारीख बघून जा. १ नोव्हेंबरला राज्योत्सवाची सुट्टी असते (आपल्याकडं मराठी माणसांचा काळा दिवस). डिसेंबरात बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं, की निम्मं सचिवालय इकडं हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात येतं. तुम्ही तिकडं आणि सहीवाले साहेब तुमच्याच गावात. इथं सुवर्ण विधानसौधात जाऊन ती सही मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

नावाचा घोळ अपॉस्टिलच्याही आधी मिटवा. कर्नाटकच्या गुणपत्रिकेवर आद्याक्षरं असतात, महाराष्ट्राच्या कागदावर आडनाव आधी आणि बापाचं नाव मध्ये, आणि पासपोर्टवर तिसराच क्रम. सौदीची यंत्रणा पासपोर्टवरचं नाव प्रमाण मानते. पदवीवर "एस. के. पाटील" आणि पासपोर्टवर पूर्ण नाव असेल, तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. जन्मगाव एकीकडं बेलगाम आणि २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी, यावरूनही प्रश्न निघतो. कानडीतल्या जुन्या हस्तलिखित दाखल्याचं नुसतं भाषांतर करत बसू नका, ग्रामपंचायतीतून किंवा महापालिकेतून नवा इंग्रजीसह दाखला काढा, स्वस्त पडतं.

अरबीत "प" नाही, त्यामुळं व्हिसावर पाटीलचं बातील होतं. वर्गातली पोरं ते असं उच्चारतात, की "बातिल" ऐकू येतं, म्हणजे आपल्या रद्दबातलमधलं बातल. हसून सोडून द्या. पण इकामा (सौदीतला निवासी परवाना), बँक आणि विमा या तिन्हींवर अरबी स्पेलिंग एकच आहे ना, ते पहिल्या आठवड्यात तपासा.

मेडिकल एजंट म्हणेल तेव्हा नाही, व्हिसाचा नंबर हातात आल्यावरच करायचं. छातीच्या एक्स-रेत जुन्या टीबीचा डाग दिसला तरी "अनफिट" होतं, आणि तो शेरा बाकीच्या आखाती देशांनाही दिसतो. शंका असेल तर आधी इथल्या डॉक्टरकडं साधा एक्स-रे काढून घ्या. पोलिसांचा दाखला पासपोर्टच्याच पोर्टलवरून मिळतो, ५०० रुपये, त्यात त्रास नाही.

एजंटाची फी: भारताच्या नियमानं परवानाधारक एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे ३५,४००. दीड-दोन लाख मागणारा एकतर बिनपरवाना आहे किंवा चोर आहे. परवाना भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतो. पदवीधराचा पासपोर्ट ईसीएनआर असतो, म्हणजे परदेशी कामाला जाताना सरकारी मंजुरी लागत नाही, त्यामुळं विमानतळावर तुमचा करार कुणीच तपासत नाही. लोकांना ही सवलत वाटते. प्रत्यक्षात करार वाचायची जबाबदारी एकट्या तुमच्यावर येते.

व्हिसावर व्यवसाय काय लिहिलाय ते बघा. तिथं शिक्षक असं नसून कारकून किंवा कामगार असेल, तर शिकवणं बेकायदेशीर ठरतं. "व्हिजिट व्हिसावर जा, तिथं बदलून घेऊ" असं म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून चहा न पिता उठा. कामाच्या व्हिसावर पोचल्यापासून ९० दिवसांत इकामा व्हायला हवा, आणि त्याचा, वर्क परमिटचा, नूतनीकरणाचा आणि उशिराच्या दंडाचा खर्च कायद्यानं मालकाचा आहे. पगारातून कापला तर ती चोरी. पासपोर्टही स्वतःकडंच ठेवायचा.

करार सौदी सरकारच्या "किवा" या नोकरी-करारांच्या पोर्टलवर चढतो आणि तुम्ही तिथं मान्य केल्यावर पक्का होतो. ऑफर लेटरवर ४,५०० रियाल आणि किवावर २,५०० असं घडतं. भांडण झालं तर किवावरचा आकडा आणि अरबी मजकूर चालतो, इंग्रजी नाही. मान्य करण्याआधी तीन गोष्टी वाचा: मूळ पगार, उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार, आणि मुदतीआधी सोडल्यास भरपाई. परदेशी माणसाचा करार मुदतबंद असतो, आणि करारात वेगळा आकडा लिहिलेला नसेल तर सौदी कामगार कायद्याच्या ७७ व्या कलमानं उरलेल्या मुदतीचा पगार सोडणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतो. वर्षाचा करार पाच महिने भरून सोडला, तर सात महिने. मार्च २०२१ पासून मालकाची परवानगी न घेता नोकरी बदलता येते, देशाबाहेरही जाता येतं, हे खरं, पण नोकरीबदल साधारण एक वर्ष भरल्यावर आणि नोटीस देऊन.

शिल्लक किती पडते? समजा पगार ४,००० रियाल, राहणं संस्थेचं, रियाल २३ रुपयांचा. जेवण, फोन, किरकोळ धरून हजार गेले, तर ३,००० उरतात, म्हणजे ६९,००० रुपये. पगारावर कर नाही, पण खरेदीवर १५ टक्के व्हॅट आहे, म्हणून "कर शून्य" अर्धं खरं. बायको आणि दोन मुलं नेली, की माणशी महिना ४०० रियाल सरकारी फीप्रमाणं महिन्याला १,२०० गेले. वर्षाचे १४,४००, तेही इकाम्याच्या नूतनीकरणाला आगाऊ. मुलांची शाळा वेगळी. ही फी करारात संस्थेवर नसेल तर एकट्यानं जा. कुटुंब नेऊन शिल्लक टाकणारा ४,००० पगाराचा मास्तर नसतो. सुट्टीला यायचं तर दोन महिन्यांच्या एक्झिट-रीएंट्रीची (जाऊन परत यायच्या परवान्याची) फी २०० रियाल, पुढच्या प्रत्येक महिन्याला १००. तीही कायद्यानं मालकानं भरायची.

सामानात खसखस नको. सौदीत ती अमली पदार्थात मोडते. घरच्या मसाल्यात, अनारशात खसखस असते हे आईला आठवत नाही, म्हणून मसाला बांधताना शेजारी उभं राहा. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नेऊ नका. निपाणीकरांनी तंबाखूची पुडीही घरीच ठेवावी. कुंदा खुशाल न्या.

बोलण्याचं बंधन खाण्यापेक्षा कडक आहे. धर्म, राजघराणं, शेजारी देशांची भांडणं, हे वर्गात नको, स्टाफरूममध्ये नको आणि मोबाइलवर तर मुळीच नको. सायबर कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि ३० लाख रियालपर्यंत दंड आहे. फॉरवर्ड केलेला विनोदही त्यात बसू शकतो. गावच्या राजकारणाचे ग्रुप निघण्याआधी सोडा. देव कपाटात, पूजा दार लावून. रमजानात दिवसा रस्त्यावर पाणीसुद्धा प्यायचं नाही.

शिकवण्याचं फार सांगण्यासारखं नाही. पोरं गोड असतात, अभ्यास बेताचा करतात. "प"चा "ब" होतो म्हणून पार्किंगचं बार्किंग. अरबीत वर्तमानकाळात "इज" लागत नाही म्हणून ते गाळतात. कॅपिटल अक्षर त्यांच्या लिपीत नाही आणि ओळ उजवीकडून सुरू होते, त्यामुळं पहिले काही आठवडे व्याकरण बाजूला ठेवून वहीवर हात वळवा.

पैसा घरी पाठवताना पुन्हा तोच आपला भाग आडवा येतो. २८ सप्टेंबरपर्यंत निघालात तर त्या आर्थिक वर्षात भारतातले दिवस १८२ च्या आत राहतात आणि सौदीचा पगार इथं करपात्र होत नाही. ऑक्टोबरात निघालात तर तो हिशेबात येतो. सहा-आठ दिवसांसाठी कर भरणारे आहेत. जुनं बचत खातं एनआरओ (अनिवासी माणसाच्या भारतातल्या पैशाचं खातं) करून घ्या, पगार एनआरई खात्यात (परदेशी कमाईच्या) पाठवा, त्याचं व्याज करमुक्त. गल्लीतली सौहार्द सहकारी सोसायटी दीड-दोन टक्के जादा व्याज देते म्हणून तिकडं वळवू नका: बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. आणि उसाचं रान घ्यायचा बेत असेल तर ऐका, अनिवासी माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं मिळाली तर ठेवता येते. घर, प्लॉट चालतो.

परत येताना घाई करू नका. दोन वर्षांआधी राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी शून्य, दोन ते पाच वर्षांत तिसरा हिस्सा. हिस्सा कशाचा, तर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्धा महिना पगार याप्रमाणं निघणाऱ्या रकमेचा. राजीनाम्यानंतर हिशेब दोन आठवड्यांत मिळायला हवा, तो खात्यात जमा झाल्याशिवाय फायनल एक्झिटला (कायमचं देश सोडायच्या परवान्याला) हो म्हणू नका. अनुभवाचा दाखला मालकानं फुकट द्यायचा असतो. त्यावर सौदीच्या परराष्ट्र खात्याचं अपॉस्टिल तिथंच मारून आणा. बेळगावात बसून ते करायचं ठरवलं, तर पुन्हा तोच एजंट भेटेल आणि पुन्हा पंधरा दिवसच सांगेल.