कशासाठी?

बंदुकांच्या शौकिनाला 'तुझी आवडती बंदूक कोणती?' असं विचारून सरळ उत्तर मिळत नाही. 'कशासाठी?' असा उलटा प्रश्न येतो. कागदावर नेम धरायला, हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला, की नुसती तेलपाणी करून मांडीवर घेऊन बसायला? खुलासा झाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. मग त्याच माणसाला विचारावं, 'बरं, आणि स्वप्नातली?' आता 'कशासाठी' नाही की काही नाही. कंपनी, मॉडेल, साल, नळीची लांबी, दस्त्याचं लाकूड, सगळं एका दमात. पत्रिका कधीच जुळलेली असते, मुहूर्त तेवढा लागायचा असतो.

माझ्याकडे बंदूक नाही आणि घ्यायचा विचारही नाही. पण एका जुन्या मित्रामुळे या मंडळींत माझी ऊठबस झाली. रागदारीतलं काही कळत नसताना मैफलीला नेमाने जाणारे असतात ना, तसा मी. पहिल्या काही बैठकांतच लक्षात आलं की हे लोक गोळी कुठे लागली याबद्दल फारसं बोलत नाहीत. बोलतात ते नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट मागे ओढताना हाताला काय जाणवतं, चाप नेमका कुठे सुटतो, घोडा चढवताना कसा आवाज येतो, याबद्दल.

आवडती म्हणजे बहुतेकांची पहिली, आणि पहिली म्हणजे बहुधा एखादी साधी पॉइंट टू-टू, बारीक गोळीची रायफल. धक्का जवळजवळ नाही, आवाज बेताचा. रूगरची १०/२२ ही १९६४ सालची रायफल अजून निघते, आणि कित्येकांचा हात तिच्यावरच बसला आहे. दस्त्यावर ओरखडे, नळीचं काळेपण उडालेलं. तिचा कुणी बडेजाव करत नाही; पण विकायचा विषय काढला की गृहस्थ एकदम ऐकू न आल्यासारखं करतो.

ग्लॉकची गंमत निराळी. गास्टोन ग्लॉक या ऑस्ट्रियन माणसाने त्याआधी पडद्यांचे दांडे आणि लष्करासाठी चाकू बनवले होते, पिस्तूल कधीच नाही. १९८२ साली त्याचं प्लास्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने पसंत केलं आणि पुढे ते जगभर गेलं. तिच्यात १७ गोळ्या मावतात म्हणून नाव ग्लॉक १७, असं मी एकदा ठासून सांगितलं. तो ग्लॉकचा सतरावा पेटंट होता म्हणून ते नाव, असं चौघांनी एकाच वेळी मला ऐकवलं. ती बिघडत नाही, कुरकुरत नाही, सगळे तिला मानतात. पण तिचं स्वप्न पडलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. कामसू माणसाच्या वाट्याला कौतुक येतं, प्रेम येईलच असं नाही.

प्रेम पाहायचं तर कोल्ट १९११ चा विषय काढावा. जॉन ब्राउनिंगची ही करणी, आणि साल तिच्या नावातच आहे. अमेरिकी सैन्याचं मुख्य पिस्तूल म्हणून ती १९८५ पर्यंत टिकली. मॅगझिनमध्ये फक्त सात गोळ्या, वजन भरपूर. आजच्या हिशेबाने दोन्ही गोष्टी गैरसोयीच्याच. तरी हातात घेतलेला माणूस म्हणतो, 'ही हाताला विचारून बनवली आहे.' ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियमच्या लीएज गावी, कारखान्यातच गेला. त्याने हाती घेतलेलं पुढचं पिस्तूल द्यूदोने सैव्ह या सहकाऱ्याने पुरं केलं आणि १९३५ साली ते हाय-पॉवर म्हणून आलं. त्याचे भक्त वेगळे. दोन्ही पंथांना एका टेबलावर बसवू नये.

स्वप्नातल्या बंदुकांचा एक नियम दिसतो: ती बनायची थांबलेली असावी. कोल्ट पायथन हे रिव्हॉल्व्हर १९५५ चं. निळसर काळ्या पॉलिशमध्ये तोंड दिसेल अशी झिलई, आतले भाग हाताने घासून बसवलेले. २००५ मध्ये ते बंद झालं आणि एरवी ज्यांनी ढुंकून पाहिलं नसतं, त्यांनाही त्याची स्वप्नं पडू लागली. २०२० साली कंपनीने ते नव्याने आणलं. आतून जास्त मजबूत आहे म्हणतात. पण जुन्याच्या आठवणीने उसासे टाकणारे काही गप्प बसले नाहीत. विंचेस्टरच्या मॉडेल ७० चंही तसंच. खर्च वाचवायला १९६४ साली तिच्यात बदल झाले आणि मॅगझिनमधून काडतूस बाहेर येतानाच त्याला पकडणारा मोठा पंजा गेला. पुढे पंजा परत आला, पण 'प्री-सिक्स्टीफोर' हा शब्द जो पडला तो पडलाच. आपल्याकडच्या रायफलचं साल '६३ आहे हे सांगताना एकाचा आवाज असा बदलला, की मला वाटलं घराण्याबद्दल बोलतोय.

याहून वर लंडनच्या हाती घडवलेल्या दुनळ्या. १८१४ साली सुरू झालेली पर्डी हे त्यातलं मोठं नाव. तिथे गिऱ्हाइकाचं माप घेतात. त्यासाठी सांध्या-सांध्यातून वळणारी एक बंदूकच असते. तुमची मान, खांदा, गाल बघून ती वाकवायची, मग तेवढ्याच वळणाचा दस्ता अक्रोडाच्या लाकडातून काढायचा. लोखंडाचा भाग दिव्याच्या काजळीने माखून लाकडात दाबतात, काळा डाग उमटेल तेवढंच तासतात, पुन्हा दाबतात. काम वर्षं-वर्षं चालतं.

श्रीमंत शिकारी अशा बंदुकांची जोडी करून घेत आणि त्यांवर सोन्यात १ आणि २ असे आकडे घालत. पुढे वाटण्या झाल्या की एक या भावाकडे, दुसरी त्या. आमच्या बैठकीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे '२' आहे. नोंदवहीतला क्रमांक त्यांना पाठ आहे आणि '१' जगात कुठेतरी आहे याची खात्री. वीस वर्षं लिलावांच्या याद्या वाचतात. मी एकदा म्हटलं, 'काका, दुसरीही हुबेहूब अशीच असणार ना? मग मिळून वेगळं काय होणार?' त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं आणि चहा मागवला.

या सगळ्यात मला कधीकधी अवघडल्यासारखं होतं, हे लपवत नाही. ही पेनं नाहीत, घड्याळं नाहीत. एके-४७ घडवणाऱ्या मिखाइल कलाश्निकोव्हने अखेरच्या काळात रशियन चर्चच्या धर्मगुरूंना पत्र लिहून विचारलं होतं, की माझ्या रायफलने माणसं मेली, तर त्यांच्या मृत्यूचा दोष माझाही आहे का. २०१३ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो गेला. मी हे बैठकीत सांगितलं तेव्हा कुणी वाद घातला नाही. थोडा वेळ चिंधीने नळी पुसल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मग विषय बदलायला म्हणून असेल, मित्राने मला विचारलं, 'तुझी कोणती रे, स्वप्नातली?'

मी म्हटलं, 'गॅरंड.' अमेरिकी सैन्याची ही जुनी एम-१ रायफल आठ गोळ्यांची. आठवी झाडली की गोळ्या एकत्र धरणारी लोखंडी क्लिप रिकामी होऊन आपोआप वर उडते आणि 'पिंग' असा स्वच्छ आवाज होतो. मित्राकडे ती आहे. भरताना बोल्ट फटकन पुढे येतो, अंगठा वेळेत काढला नाही तर चेचतो. 'गॅरंड थंब' असं त्या दुखण्याला नावच आहे. काळंनिळं नख त्याने मला मेडल दाखवावं तसं दाखवलं होतं.

'कशासाठी?' त्याने विचारलं. स्वप्नाला हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला.

'तो पिंग ऐकायला.'

त्याने गंभीरपणे विचार केला. 'मग नुसती क्लिप घे,' म्हणाला, 'फरशीवर टाकली तरी वाजते.'