उसन्या वस्तूचा क्रमांक

प्रदर्शनासाठी उसनी आणलेली वस्तू संग्रहालयात आली की तिला त्याच दिवशी क्रमांक मिळाला पाहिजे आणि तो संग्रहालयाच्या स्वतःच्या वस्तूंच्या मालिकेतला असता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. गोव्यात या दुसऱ्या मुद्द्याला विशेष वजन आहे, कारण येथे येणाऱ्या पुष्कळ वस्तू देवस्थानांच्या, चर्चच्या किंवा जुन्या एकत्र कुटुंबांच्या असतात. वस्तू घेऊन येणारा माणूस एक असतो आणि मालकी मात्र महाजनांची (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सदस्यांची) किंवा सगळ्या भावंडांची असते. म्हणून आवक नोंदवहीत ‘मालक’ आणि ‘आणून देणारा’ असे दोन वेगळे रकाने ठेवावेत आणि दुसऱ्याला पहिल्याने दिलेले अधिकारपत्र पोचपावतीच्या स्थळप्रतीला जोडावे.

संग्रहालयाच्या मालकीच्या वस्तूवर २०२४.१२.३ असा क्रमांक असेल, तर तो २०२४ सालातील बाराव्या आवकेतील तिसरी वस्तू दाखवतो. उसन्या वस्तूंसाठी हीच रचना वापरावी, परंतु आरंभी ‘उ’ लावून मालिका स्वतंत्र चालवावी. १९९४ साली ब्रिटनमध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘स्पेक्ट्रम’ या संग्रहालयीन वस्तूंच्या व्यवस्थापनाच्या मानकातही उसन्या वस्तूंची कार्यपद्धती मालकीच्या वस्तूंच्या दाखलनोंदीपासून, म्हणजे वस्तू संग्रहात कायमची दाखल करण्याच्या नोंदीपासून, वेगळी ठेवली आहे.

खरी कसोटी लागते ती ‘एक वस्तू’ कशाला म्हणायचे हे ठरवताना. पितळी समई घ्या. बैठक, खांब, वाती लावायची वाटी आणि वरचा मोर हे भाग फिरकीने सुटे होतात, आणि एकाच देवस्थानाच्या दोन समया शेजारी उघडल्या तर कोणता मोर कोणत्या खांबावरचा हे नंतर पुजाऱ्यालाही सांगता येत नाही. अशा वेळी समईला एकच क्रमांक देऊन तिच्या भागांना उ.२०२४.१२.३-अ, ब, क, ड असे पोटक्रमांक द्यावेत आणि प्रत्येक सुट्या भागाला आपली स्वतंत्र चिठ्ठी बांधावी. वस्तू ज्या पेटीतून किंवा ज्या रेशमी वस्त्रात गुंडाळून आली, तेही मालकाचेच असते. त्याचीही नोंद हवी. परत करताना सर्वाधिक वाद या वस्त्रांवरूनच होतात.

घुमट या कातडे ताणलेल्या मातीच्या वाद्याच्या बाबतीत ‘साहित्य’ हा रकाना अधिक काळजीने भरावा लागतो. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला; मात्र जुन्या घुमटांच्या तोंडावर घोरपडीचे कातडे असते आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे. तेव्हा नुसते ‘माती व चामडे’ असे लिहून भागत नाही. कातडे घोरपडीचे की बकऱ्याचे हे स्पष्ट लिहावे आणि घोरपडीचे असल्यास वस्तू स्वीकारण्यापूर्वीच वन खात्याचा सल्ला घ्यावा. तसेच पुरावस्तूंविषयीच्या १९७२च्या केंद्रीय कायद्यानुसार जिची नोंदणी झालेली आहे, अशा मूर्तीचा किंवा चित्राचा नोंदणी क्रमांकही येथेच उतरवून घ्यावा.

क्रमांक वस्तूवर लिहू नये. स्वतःच्या वस्तूवर पॅरालॉइड या पारदर्शक, पुन्हा काढता येणाऱ्या राळेचा पातळ थर देऊन त्यावर शाईने क्रमांक घालता येतो. दुसऱ्याच्या वस्तूला असा हात लावण्याचा आपल्याला अधिकार नाही. सुती नाडीने बांधलेली जाड कागदाची चिठ्ठी पुरते, आणि तीवर पेन्सिलीनेच लिहावे, कारण आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात साधी शाई पसरते. चिकटपट्टी आणि टाचणी ही दोन्ही वर्ज्य समजावीत.

पावसाळ्यात आलेल्या लाकडी वस्तू थेट दालनात नेऊ नयेत. त्या वेगळ्या खोलीत पांढऱ्या कागदावर ठेवाव्यात, म्हणजे भुंगेऱ्याचा ताजा भुसा पडत असल्यास तो लगेच दिसतो. बुरशी, जुनी चीर, उडालेला रंग, हे सारे छायाचित्रांसह मालकाच्या प्रतिनिधीसमोर नोंदवून त्याची सही घ्यावी. तो निघून गेल्यावर केलेली नोंद वादाच्या प्रसंगी टिकत नाही.

परतीची तारीख कोरी ठेवून वस्तू घेणे मला मान्य नाही. ‘कायमची उसनवारी’ हा शब्दप्रयोग कानाला उदार वाटतो, पण दोन पिढ्यांनंतर वस्तू कोणाची हे ना संग्रहालयाला सांगता येते ना वारसांना. मुदत घालावी आणि ती संपण्यापूर्वी लेखी वाढवून घ्यावी. वस्तू परत गेल्यावर नोंदवहीतील ओळ खोडू नये व तो क्रमांक पुन्हा कोणालाही देऊ नये. पुढे मालकाने तीच वस्तू देणगी म्हणून दिली, तर तिला दाखलनोंदीचा नवा क्रमांक मिळतो आणि जुना ‘उ’ क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात जातो.